सीडी पाठ असलेली मुलं

खासनीस सरांनी आयुष्यात कुणालाही फुकट चांगलं म्हटलं नव्हतं. इंग्रजी विभागाचे प्रमुख म्हणून कारकीर्द लांबलचक, पण स्तुतीच्या खात्यावर खर्च जवळजवळ नाहीच. त्यामुळे ते स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "ओव्हाळ मॅडम, तुमच्यासारखी माणसं विभागात हवीत," तेव्हा कल्याणी ओव्हाळने हातातला चहा खालीच ठेवला. एवढं गोड आलं म्हणजे मागून कडू येतंय, हे ती हंगामी नोकरीत शिकली होती. हंगामी म्हणजे दर जूनला नेमणूक आणि दर एप्रिलला नारळ.

"विद्यापीठाची समिती येतेय," सर म्हणाले. "तुमचा कोर्स बघायला."

कोर्स 'तुमचा' झाला होता. कालपर्यंत तो 'आमच्या विभागाचा' होता. कल्याणीने हा फरक मनात टिपून घेतला.

पुण्यात त्या वर्षांत इंग्रजीचा भाव सोन्याच्या वर गेला होता. हिंजवडीकडे काचेच्या इमारती चढत होत्या, आणि त्या इमारतींच्या दारात बी.कॉम., बी.एस्सी. झालेली मुलं 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' या पहिल्याच प्रश्नाला आडवी होत होती. मुलांना इंग्रजीचं व्याकरण येतं, निबंध येतात, पत्रलेखन येतं, फक्त बोलता येत नाही, असा शोध विद्यापीठाला लागला. त्यावर उपाय निघाला, मल्टिमीडिया. तो शब्दच तेव्हा असा होता की अर्जात कुठेही घातला तरी अनुदान मंजूर व्हायचं. खासनीस सरांनी अर्जात तो सढळ हाताने पेरला, अनुदान आलं, आणि प्रत्यक्ष काम करायला विभागात एकच माणूस असं निघालं की ज्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

कल्याणीने मात्र ते काम बिगारीसारखं केलं नाही. ती स्वतः खडकीच्या मराठी शाळेतली. वडील तात्याराव दारूगोळा कारखान्यात, घर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. इंग्रजीत एम.ए. करायला विद्यापीठात गेली तेव्हा पहिलं वर्ष ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मठ्ठ होती म्हणून नव्हे. तिचं उत्तर तयार होईपर्यंत कुणीतरी कॉन्व्हेंटवाली उत्तर देऊन बसलेलीही असायची.

म्हणून तिने धडे लिहिले ते निराळे. सीडी बनवणाऱ्या कंपनीच्या सौरभला विमानतळ हवा होता, कॉफी शॉप हवं होतं. कल्याणीने खानावळ दिली. आमटी पातळ आहे, ही तक्रार मालकाचा अपमान न करता इंग्रजीत कशी करावी. मंडईत भाव कसा पाडावा. रेल्वेच्या खिडकीवर रांग मोडणाऱ्याला काय म्हणावं. चित्रं हलायची, माणसं बोलायची, शेवटी पडद्यावरची बाई तुम्हालाच एखादा प्रश्न विचारायची. आणि मग थांबायची.

त्या थांबण्यावरून सौरभशी पंधरा दिवस भांडण चाललं.

"मॅडम, इतका वेळ स्क्रीनवर काहीच नाही? युजरला वाटेल मशीन हँग झालं."

"वाटू दे."

"नाही पण लॉजिक काय आहे?"

"लॉजिक असं की पोरगं आधी मराठीत उत्तर शोधतं, मग इंग्रजीत करतं, मग चुकेल म्हणून गिळतं, मग पुन्हा वर काढतं. एवढं होईस्तोवर बाईने तोंड मिटून बसायचं."

"तुम्ही ना, क्लायंट म्हणून डेंजर आहात," सौरभ म्हणाला; पण थांबा ठेवला.

कोर्स तयार झाला, लँग्वेज लॅब तयार झाली, आणि इथवर आलेली गाडी रुळावरून जी उतरली ती सर्जेरावांमुळे. सर्जेराव लॅबचे शिपाई. खोलीत निळं कार्पेट, एसी, संगणकांवर शिंप्याकडून शिवून घेतलेली झालरीची प्लास्टिकची कव्हरं, दाराबाहेर 'चपला काढून आत यावे' अशी पाटी. उद्घाटनाला मुलांना हेडफोन घालून फोटो काढले. फोटो झाल्यावर हेडफोन कपाटात गेले, कव्हरं चढली आणि कुलूप लागलं. मुलं येता-जाता खिडकीतून संगणक बघायची, गणपती बघतात तशी.

"अहो सर्जेराव, शिकायला आहे ते," कल्याणी सांगायची.

"हाय ना म्याडम, शिकायलाच हाय. पर एक बटन जरी तुटलं ना, तर कोन भरनार? माज्या नावावर हाय समदं." आणि मग हळूच, "खासनीस सरांनीच सांगितलंय. समिती येईस्तोवर नवं दिसलं पायजे."

आता समितीच येत होती. समितीने कोर्स पसंत केला तर तो विद्यापीठाच्या सगळ्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला सक्तीचा होणार होता. आणि कोर्ससोबत समन्वयकाचं एक पद येणार होतं. कायम.

"माझ्यापुढे तुमच्याशिवाय दुसरं नाव नाही," खासनीस म्हणाले. "अर्थात नावांचं काय, सुचत असतात."

"सर, लॅब आजपासून उघडून द्या. महिनाभरात मुलं बोलायला लागतील."

"आणि नाही लागली तर? मॅडम, समितीपुढे शिकत असलेलं पोर दाखवायचं नसतं. शिकलेलं दाखवायचं असतं. तिसरं युनिट घ्या, चांगली मुलं निवडा आणि बसवून घ्या."

बसवून घ्या. स्नेहसंमेलनाचं नाटक बसवतात तसं. 

त्या संध्याकाळी वारज्याच्या घरी तिने हे सांगितलं तेव्हा तात्याराव गॅलरीत पेपर वाचत होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून त्यांनी इथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता.

"कारखान्यात माणसाच्या दोनच जाती," ते म्हणाले. "परमनंट आणि टेंपररी. परमनंट माणूस चुकला तर चूक होते. टेंपररी चुकला तर तोच चुकीचा असतो. आधी परमनंट हो. मग काय तो शहाणपणा कर."

"आणि तोवर?"

"तोवर हो म्हण. मी नाही का 'हो' म्हटलं अठरा वर्षं? तुझ्या आईला विचार."

"घरी एकदाही हो नाही म्हटलं," हिराबाई आतून म्हणाल्या. "सगळं हो तिकडेच संपायचं."

दुसऱ्या दिवशी कल्याणीने मुलं निवडली. बहुतेक मराठी माध्यमाची. त्यांत तेजस्विनी मारणे होती, सूस गावची. गाव आता शहराला येऊन चिकटलेलं, पण पोरगी अजून बोलताना 'हाय' म्हणायची आणि लगेच जीभ चावून 'आहे' म्हणायची. कल्याणीला ती आवडायची. कारण उघड होतं, त्यामुळे ती ते कुणाला सांगत नव्हती.

लॅब तालमीपुरतीच उघडणार होती, म्हणून सरावासाठी तिसऱ्या युनिटच्या झेरॉक्स वाटायचं ठरलं. सीडीवरचा मजकूर खासनीसांनी ऑफिसातल्या टायपिस्टकडे दिला आणि 'कागद वाचवा' असं बजावलं. टायपिस्टने वाचवला. कोण बोलतंय त्यांची नावं काढून टाकली आणि सगळा मजकूर सलग ओढला. गिऱ्हाईक, मालक, पडद्यावरची बाई, सूचना, सगळी एकाच परिच्छेदात सुखाने नांदू लागली.

मुलांनी विचारलं नाही. दहावीपासून ज्यांनी व्याख्या, सनावळ्या, प्रमेयं, पर्यावरणाचे फायदे-तोटे असं सगळं पाठ करून पार केलं, त्यांना समोर छापील कागद आला की काय करायचं ते विचारावं लागत नाही. त्यांनी पाठ केलं. सगळं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत.

पहिल्या तालमीला कल्याणीला कळलं. हेडफोन घातलेली सगळी मुलं पडद्यावरच्या बाईच्याही आधी बाईचं वाक्य म्हणत होती. बाईने "वेल डन!" म्हणायच्या आत मुलं स्वतःच स्वतःला वेल डन म्हणून मोकळी व्हायची. थांबा कुठे लागतच नव्हता.

"अगं, हे मशीनचं वाक्य आहे. हे तू नाही म्हणायचं," ती तेजस्विनीला म्हणाली.

"मग माझं कुठलं, मॅडम?"

कल्याणी सांगणार होती. तेवढ्यात खासनीस आत आले, दोन मिनिटं ऐकलं आणि चेहरा फुलला. "वा! एकही अडखळत नाही! आता हात लावू नका, मॅडम. असंच राहू द्या." कल्याणीने हिशेब केला. हेडफोन घातल्यावर कोण काय पुटपुटतंय ते कुणाला कळणार? हात लावला नाही.

समितीचे अध्यक्ष डॉ. बद्रीनाथ दक्षिणेकडचे, भाषाशिक्षणातलं मोठं नाव, अंगाने बारीक, बोलणं मऊ. पाटी वाचून त्यांनी निमूटपणे बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. सगळ्या विभागाने तो पाहिला आणि कुणीच पाहिला नाही. बरोबरच्या दोन सदस्यांना कल्याणी पुढे कधी ओळखू शकली नसती, कारण ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत काजू खाण्यात गुंतले होते.

युनिट सुरू झालं. पडद्यावर खानावळ आली, मालक आला, आमटीची वाटी आली. मुलं नीट बोलत होती. डॉ. बद्रीनाथ पाठीमागून फिरत मान डोलावत होते. खासनीसांनी कल्याणीकडे बघून डोळे मिटले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पेढाच.

आणि वीज गेली.

वीज त्या काळात जायचीच. त्यात काही विशेष नव्हतं. त्यासाठीच भारी यूपीएस घेतला होता. पण त्याच्या बॅटऱ्या वर्षभर प्लास्टिकखाली झोपलेल्या. यूपीएसने एकदा लांब शिट्टी मारली आणि प्राण सोडला. पडदे काळे झाले. एसीची घरघर थांबली.

मुलं थांबली नाहीत.

त्यांच्या लेखी थांबण्यासारखं काही घडलंच नव्हतं. परीक्षेत पंखा बंद पडला म्हणून कुणी पेपर सोडत नाही. हेडफोन तसेच कानांवर, डोळे काळ्या पडद्यावर, आणि सगळा वर्ग एका सुरात पुढे निघाला.

"एक्स्क्यूज मी, सर. द दाल इज अ लिटल थिन टुडे."

"आय अ‍ॅम सॉरी. आय विल चेंज इट."

मग तेजस्विनीचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. पडद्यावरच्या बाईचीच लकब, तीच शेवटी उचललेली तान. "व्हेरी गुड! नाऊ लिसन अगेन अँड रिपीट. क्लिक नेक्स्ट टू कंटिन्यू."

सगळ्यांनी रिपीट केलं. कुणीतरी, कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, बरोबर उत्तराला वाजणारी टिंगसुद्धा तोंडाने वाजवली.

खासनीस भिंतीला टेकले. सर्जेराव दारात हात जोडून उभे, म्हणजे आरती चाललीय असं समजून असावेत.  कल्याणीची जागा, वारज्याच्या फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता, दर एप्रिलचा नारळ, सगळं त्या एका टिंगवर लटकत होतं.

डॉ. बद्रीनाथ मात्र जागच्या जागी उभं राहून युनिट संपेपर्यंत ऐकत राहिले. मग ते तेजस्विनीच्या खुर्चीपाशी आले, तिच्या कानांवरचा हेडफोन हलकेच काढला आणि इंग्रजीत विचारलं, "छान. आता मला सांग, तुझे वडील काय करतात?"

युनिटमध्ये हा प्रश्न नव्हता.

तेजस्विनी उभी राहिली. "माय फादर," ती म्हणाली आणि थांबली. ओठ हलले. पुन्हा थांबली. "माय फादर... ही..."

कल्याणीला ते थांबणं ओळखीचं होतं. आत काय चाललंय ते तिला दिसत होतं: मराठी सापडलं आहे, इंग्रजी वर येतंय, मध्ये एक दगड आहे. थोडं थांबलं की पोरगी तो दगड ओलांडणार. डॉ. बद्रीनाथ थांबायला तयार होते. त्यांचा चेहराच सांगत होता. पण खासनीस कल्याणीकडे बघत होते, आणि त्या नजरेत दुसरी नावं भराभर सुचत होती.

"नर्व्हस झालीय, सर," कल्याणी इंग्रजीत म्हणाली. "पुढचं युनिट दाखवू का?"

तेजस्विनी बसली. बसताना तिने कल्याणीकडे पाहिलं नाही.

डॉ. बद्रीनाथ कल्याणीकडे वळले. "मॅडम, हे त्यांनी पाठ केलंय?"

"त्यांनी खूप सराव केलाय, सर," कल्याणी म्हणाली.

वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं. खरंही फारसं नव्हतं. डॉ. बद्रीनाथांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं, सुस्कारा टाकला, आणि बूट घालायला बाहेर गेले.  चहापानाच्या वेळी बोलले ते काजूवाले सदस्य, आणि समितीत बहुमत काजूवाल्यांचं होतं.

अहवाल आला. खासनीसांनी तो विभागात मोठ्याने वाचला. 'सदर अभ्यासक्रमाचे वैशिष्ट्य असे की, वीजपुरवठा खंडित असतानाही विद्यार्थी तो पूर्ण क्षमतेने पार पाडू शकतात. सबब भारनियमनग्रस्त ग्रामीण महाविद्यालयांसाठी तो विशेष उपयुक्त असून, संगणक उपलब्ध नसलेल्या ठिकाणी तो मुद्रित पुस्तिकेच्या स्वरूपात राबविण्यात यावा.' खाली अध्यक्षांचं भिन्नमत एका ओळीत होतं. ते खासनीसांनी वाचलं नाही. समन्वयक म्हणून डॉ. नसलेल्या, पण अनुभवी, श्रीमती कल्याणी तात्याराव ओव्हाळ यांची कायम नियुक्ती, एक वर्षाच्या परिविक्षाधीन काळासह.

तात्यारावांनी सोसायटीत पेढे वाटले. रविवारी विहारात वाटले. खडकीला जाऊन जुन्या सोबत्यांनाही देऊन आले. "परमनंट," ते प्रत्येकाला एवढंच सांगत. कोर्सचं नाव त्यांना विचारलं तर आठवत नव्हतं.

"आता कर शहाणपणा," ते रात्री जेवताना लेकीला म्हणाले.

"वर्षभर प्रोबेशन आहे, तात्या."

"मग वर्षाने कर."

हिराबाईंनी दोघांच्या ताटांत भाजी वाढली. कुणाची बाजू घेतली नाही.

तेजस्विनी भेटली ती कॉलेजच्या फाटकाशी, झेरॉक्सच्या दुकानात. अभिनंदन म्हणाली. मग स्वतःहूनच बोलली. "मॅडम, मी सांगणार होते हां त्या सरांना. बाबा आधी भातशेती करायचे, आता जमीन इकून... विकून प्लॉटिंग करतात. शेतीचं आलं होतं मला. प्लॉटिंगला इंग्रजीत काय म्हणायचं, तेवढंच अडलं होतं."

"प्लॉटिंगच म्हणतात," कल्याणी म्हणाली.

"हो?" तेजस्विनी हसली. "मग येतच होतं की मला."

कल्याणीलाही हसावं लागलं. तिचं हसू आधी संपलं.

पुस्तिका छापून झाली. खासनीसांच्या सूचनेवरून मागे प्रश्नसंच जोडला: रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, 'क्लिक नेक्स्ट टू ____'. थांब्याच्या जागी छापखान्याने तीन टिंबं टाकली होती. दुसऱ्या प्रुफात कुणीतरी ती चूक समजून काढली. सौरभने फोन केला. "मॅडम, काँग्रॅट्स! पण हे पुस्तक कसलं? आमच्या प्रॉडक्टचं तुम्ही गाइड केलंत?" कल्याणीने समितीचा निर्णय सांगितला. "ग्रेट," तो म्हणाला. पुणेरी माणूस ग्रेट असं म्हणतो तेव्हा पुढे विचारायचं नसतं.

पहिलं प्रशिक्षण जिल्ह्यातल्या एका कॉलेजात होतं. गावात दिवसभर भारनियमन, त्यामुळे निवड अहवालाला धरूनच झाली होती. आसपासच्या कॉलेजांचे इंग्रजीचे प्राध्यापक बाकांवर बसले होते, पुस्तिका उघडून, पेनाचं टोपण काढून. बहुतेक हंगामी. कोण हंगामी ते कल्याणीला सांगावं लागत नव्हतं. ते पुढच्या बाकांवर होते.

एसटीत येताना तिने ठरवलं होतं. पुस्तिका बाजूला. आधी या लोकांशी बोलायचं, साधं, त्यांचं स्वतःचं. इथे ना खासनीस, ना समिती. तिने पुढच्या बाकावरच्या एका तरुण सरांना उभं केलं. यादीत त्यांचं नाव सुखदेव नरवडे. इंग्रजीत विचारलं, "सर, आज सकाळी काय खाल्लंत?"

नरवडे उभे राहिले. पुस्तिकेचं पान उलटलं. दुसरं उलटलं. मग वर बघितलं. ओठ हलले.

कल्याणी थांबली. या वेळी थांबायचंच, असं म्हणून थांबली. खोलीत कुणीतरी खाकरलं. यजमान प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. प्रशिक्षणाचा अहवाल तेच विद्यापीठाला पाठवणार होते. मागच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली. नरवडे घामाघूम झाले होते. एकदा वाटलं आता बोलतील, आणि ते बोललेच, पण मराठीत.

"मॅडम, हे कितव्या युनिटमध्ये आहे?"

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. कुणाच्याही चेहऱ्यावर खट्याळपणा नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"पाचव्या," कल्याणी म्हणाली.

पानं सळसळली. पाचवं युनिट रेल्वे आरक्षणाचं होतं. कुणीही तक्रार केली नाही. नरवडे बसले, हायसं वाटून, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी पाठ करायला सुरुवातही केली.